पंचावन्न इंची टीव्हीचा वीजहिशेब: चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

टीव्हीवरचे बहुतेक अभिप्राय संच घरात आल्यावर पंधरा दिवसांच्या आत लिहिले जातात आणि त्यांत रंग, आवाज, रिमोट यांच्याविषयी भरपूर वाचायला मिळते. हा संच किती वीज ओढतो, ती नेमकी कुठे जाते आणि तो किती वर्षे टिकतो, हे मात्र पंधरा दिवसांत कळण्यासारखे नसते. मी माझा संच चार वर्षे वापरला, त्यातली बरीचशी वीज मोजली, तिसऱ्या वर्षी तो बिघडल्यावर उघडून घेतला आणि आज तो पुन्हा चालू आहे, म्हणून हा अभिप्राय उशिरा लिहीत आहे. संच ५५ इंची, फोर-के, मागून एलईडी दिव्यांनी उजळणारा साधा एलसीडी आहे आणि त्याचे दिवे ठिकठिकाणी स्वतंत्रपणे मंद होत नाहीत. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक या वर्गातल्या कोणत्याही संचाला कमीअधिक लागू पडते.

मोजमापाची पद्धत आधी सांगतो. भिंतीतले सॉकेट आणि टीव्हीचा प्लग यांच्यामध्ये बसणारा एक छोटा वीजमापक मी पहिल्या महिन्यापासून लावून ठेवला. त्यावर त्या क्षणाचे वॅट दिसतात आणि साठत गेलेले युनिटही दिसतात. तुलनेसाठी दरवेळी एकच वीस मिनिटांचा कार्यक्रम लावत असे, आणि आठवड्याची बेरीज वेगळी ठेवत असे. आमच्या घरी टीव्ही दिवसाला सरासरी पाच तास चालतो, तेव्हा पुढचे वर्षाचे आकडे पाच तासांच्या हिशेबाने धरलेले आहेत.

याआधीचा आमचा संच ३२ इंची होता, जुन्या पद्धतीचा, पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असलेला. तो चालू असताना १०४ वॅट घेत असे. नवा संच ‘स्टँडर्ड’ मोडवर ८८ वॅट घेतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नवा संच किंचित काटकसरी वाटतो, पण खरी प्रगती पडद्याच्या क्षेत्रफळात लपलेली आहे. इंचांमध्ये आपण कर्ण मोजतो, वीज मात्र क्षेत्रफळाच्या मागे जाते. ३२ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर भरते, ५५ इंचीचे ०.८३, म्हणजे जवळपास तिप्पट. एक चौरस मीटर पडदा उजळायला जुन्या संचाला ३७० वॅटच्या आसपास लागत होते, नव्याला १०६ पुरतात. या तंत्रज्ञानाने एका पिढीत साधलेली ही सुधारणा साडेतीनपट आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. जुन्या नळ्यांमध्ये पारा असे, तोही गेला.

आता त्याच सुधारणेचे घरात काय झाले ते पाहा. नव्या तंत्राचा ३२ इंची पडदा ढोबळ हिशेबाने तीस वॅटच्या घरात चालला असता, आणि वर्षाला आमचे १९० युनिटवरून ५५ युनिटवर भागले असते. आम्ही ५५ इंची घेतला आणि १६० युनिटवर थांबलो. म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्यांनी वाचवून दिलेल्या विजेतला मोठा भाग आम्ही पडद्याचा आकार वाढवून खर्च केला. मोठ्या पडद्याचे सुख खोटे नाही, पण खरेदीच्या वेळी समोर ५५ आणि ६५ असे दोन आकडे असतात तेव्हा ते शेजारशेजारचे वाटतात. प्रत्यक्षात ६५ इंचीचे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी जास्त असते. हे वाक्य दुकानातल्या पाटीवर कुठेही लिहिलेले नसते, म्हणून इथे लिहितो.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे पांढरे किंवा निळे दिवे, त्यापुढे उजेड पसरवणारे तक्ते, मग ध्रुवक (एकाच दिशेने कंपणारा उजेड जाऊ देणारा थर), मग द्रवस्फटिकांचा थर, मग लाल-हिरवे-निळे गाळण, आणि पुन्हा एक ध्रुवक. या सगळ्यांतून पार होऊन डोळ्यापर्यंत पोहोचणारा उजेड मूळ उजेडाच्या शंभर भागांतले साधारण पाच-सातच भाग असतो. उरलेला आतच उष्णता होऊन जातो. म्हणूनच टीव्हीच्या वीजखर्चात सर्वांत मोठा वाटा बॅकलाइटचा, म्हणजे या मागच्या दिव्यांचा, आणि म्हणूनच पुढचा सगळा मजकूर फिरून फिरून त्याच एका पट्टीवर येणार आहे, जी सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ किंवा ‘ब्राइटनेस’ या नावाने शून्य ते शंभरपर्यंत सरकते.

खोक्यातून काढून पहिल्यांदा लावला तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नांत माझ्याकडून ‘व्हिव्हिड’ मोड निवडला गेला आणि दीड महिना तसाच राहिला. मापकावर तेव्हा १४१ वॅट दिसत. हा मोड दुकानाच्या भगभगीत प्रकाशात शेजारच्या संचापेक्षा उठून दिसण्यासाठी बनवलेला असतो, घरातल्या संध्याकाळसाठी नव्हे. ‘सिनेमा’ मोडवर आणून बॅकलाइट साठवर केल्यावर तोच कार्यक्रम ६६ वॅटमध्ये दिसू लागला. पहिल्या संध्याकाळी चित्र निस्तेज वाटले, हे मान्य करतो. तिसऱ्या दिवसापर्यंत डोळे त्याला सरावले, आणि आठवड्याने पुन्हा ‘व्हिव्हिड’ लावून पाहिले तेव्हा माणसांचे चेहरे रंग लावल्यासारखे दिसले. वर्षाच्या हिशेबात २५७ युनिट आणि १२० युनिट, इतका हा फरक आहे. चित्रही उलट बरेच झाले, म्हणून या बदलाला मी त्याग वगैरे म्हणणार नाही.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवून दाखवणारा, कार्यक्रम लागला की संच आपोआप वेगळ्या मोडमध्ये जातो आणि तिथे बॅकलाइट पूर्ण शंभरवर असतो. साध्या कार्यक्रमासाठी आपण केलेली सेटिंग तिथे लागू होत नाही. माझ्या संचावर एचडीआरमध्ये १२८ वॅटपर्यंत आकडा जातो. ही गोष्ट मला सहा महिन्यांनी, तीही मापकाकडे सहज लक्ष गेले म्हणून कळली. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून जे नवे ऊर्जालेबल आणले त्यात साध्या चित्राचा आणि एचडीआरचा वीजखर्च वेगवेगळा, दर हजार तासांना किती युनिट अशा रूपात, छापावा लागतो, आणि त्या लेबलवरचे दोन आकडे शेजारी पाहिले की एचडीआरची किंमत लगेच कळते. त्याच सुधारणेत ‘ए’च्या पुढे अधिकची चिन्हे लावण्याची जुनी पद्धत मोडून पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशी सरळ उतरंड केली गेली, आणि मोठे पडदे एकदम तळाच्या अक्षरांवर येऊन बसले. मला ते लेबल फार आवडते, कारण त्यात खुशामत नाही.

लेबलवरचा आकडा मात्र संच मूळ ‘नॉर्मल’ स्थितीत ठेवल्यासच खरा असतो, हे लक्षात ठेवायला हवे. चाचणीची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ठरलेली आहे आणि त्यात दहा मिनिटांची एक ठरावीक चित्रफीत वापरली जाते, जिच्यात दृश्ये भराभर बदलतात. अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स काउन्सिल या संस्थेने २०१६ साली दाखवून दिले की काही संच अशा भराभर बदलणाऱ्या दृश्यांत पडदा आपोआप मंद करतात आणि घरातल्या नेहमीच्या कार्यक्रमांत तितके करत नाहीत, शिवाय वापरणाऱ्याने चित्राचा मोड बदलला की काही संचांची वीजबचतीची सोय काही न सांगता बंद होते. युरोपच्या नियमांत आता अशी अट आहे की वीज वाढवणारी सेटिंग निवडली जात असेल तर पडद्यावर तसा इशारा यावा आणि वापरणाऱ्याकडून स्पष्ट होकार घ्यावा. माझ्या संचात असा इशारा येत नाही. ‘व्हिव्हिड’ निवडले तेव्हा त्याने मला फक्त रंग जिवंत होतील एवढेच सांगितले.

उजेड ओळखणाऱ्या संवेदकाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खोलीतला प्रकाश कमी झाला की पडदाही मंद व्हावा, यासाठी खालच्या पट्टीत, बोधचिन्हाच्या शेजारी, डाळीच्या दाण्याएवढे एक काळे भिंग असते. दुसऱ्या वर्षी आम्ही टीव्हीसमोर साउंडबार ठेवला आणि त्यानंतर भरदुपारीही चित्र काळवंडू लागले. मी वैतागून ती सोय बंद केली आणि संचात दोष आहे अशी समजूत करून घेतली. दोन महिन्यांनी धूळ पुसताना साउंडबार बाजूला सरकवला तेव्हा उलगडा झाला: ते भिंग बरोबर साउंडबारच्या पाठीमागे आले होते आणि संच प्रामाणिकपणे समजत होता की खोलीत अंधार आहे. साउंडबार चार बोटे खाली घेतला, सोय पुन्हा चालू केली, आणि रात्रीच्या वेळी मापकावर ५२ वॅट दिसू लागले. माहितीपुस्तिकेत या भिंगाविषयी एक ओळ आहे. ते झाकू नका, हे मात्र तिथे लिहिलेले नाही.

आता बंद असलेल्या टीव्हीविषयी, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली असा आग्रह धरला की कोणतेही उपकरण स्टँडबायमध्ये एक वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, आणि पुढच्या काळात अनेक देशांनी त्याला धरून नियम केले. माझा संचही बंद असताना ०.४ वॅट घेतो, जे वर्षाला तीन युनिटांपेक्षा कमी आहे आणि त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. पण सेटिंगच्या चौथ्या पायरीवर ‘क्विक स्टार्ट’ नावाची एक सोय आहे. ती चालू असली तर संच तीन सेकंदांत उघडतो, नसली तर अकरा सेकंदांत. या आठ सेकंदांसाठी संच दिवसाचे उरलेले एकोणीस तास अर्धवट जागा राहतो आणि १३ वॅट ओढत राहतो. वर्षाचे ते ९० युनिट होतात. सिनेमा मोडवर संच वर्षभर पाहायला १२० युनिट लागतात आणि न पाहण्याला ९०, हे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मी गुणाकार दोनदा तपासला.

मी ती सोय बंद केली. पाच महिन्यांनी सॉफ्टवेअरचे अद्यतन आले आणि ती पुन्हा चालू झाली, कुठलीही सूचना न देता. तेव्हापासून प्रत्येक अद्यतनानंतर मी मापक पाहतो. ज्यांच्याकडे मापक नाही त्यांना हे कळण्याचा एकच साधा मार्ग आहे: टीव्ही बंद करून तासाभराने त्याच्या पाठीला हात लावून पाहावा. कोमट लागली तर तो झोपलेला नाही.

या दोन्ही गोष्टींची बेरीज सांगतो, कारण या संपूर्ण अभिप्रायात मला जर एकच आकडा सांगता आला असता तर हाच सांगितला असता. ‘व्हिव्हिड’ आणि ‘क्विक स्टार्ट’ मिळून हा संच वर्षाला ३४७ युनिट घेतो. ‘सिनेमा’ मोड आणि साध्या स्टँडबायसह १२३. संच तोच, पडदा तोच, पाहण्याचे तास तितकेच. कारखान्यातून एकच यंत्र बाहेर पडले आणि दोन वेगळ्या सवयींनी त्याचा खर्च पावणेतीनपट वेगळा झाला. आणि या सवयी वापरणाऱ्याच्या म्हणाव्यात तर त्या त्याला आयत्या हातात दिल्या जातात, कारण बहुतेक घरांत पहिल्या दिवशीची सेटिंग शेवटपर्यंत बदलत नाही.

एक चांगली सोयही नोंदवली पाहिजे. आमच्याकडे संध्याकाळी बऱ्याचदा टीव्हीवर नुसती गाणी लावलेली असतात. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘चित्र बंद’ असा पर्याय आहे, तो निवडला की पडदा काळा होतो आणि आवाज चालू राहतो. वॅट ६६वरून १९वर येतात. हे बटण रिमोटवर असायला हवे होते. ते तीन पायऱ्या आत आहे, तर रिमोटवर चार चित्रपटसेवांची चार बटणे आहेत.

धाकट्या बहिणीकडे त्याच आकाराचा ओएलईडी संच आहे, म्हणून एकदा माझा मापक तिकडे घेऊन गेलो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवे नसतात, त्यामुळे काळ्या भागाला वीज जवळजवळ लागतच नाही. रात्रीच्या प्रसंगात तिचा संच पन्नास वॅटच्या आसपास होता आणि बर्फाच्छादित डोंगर आल्याबरोबर १६०वर गेला. माझ्या संचावर तोच चित्रपट लावला तेव्हा रात्र असो की बर्फ, आकडा पाच वॅटपेक्षा जास्त हलला नाही: माझ्याकडे अंधारही मागे दिवे पूर्ण पेटवून, समोरून दार लावून दाखवला जातो. म्हणून ‘ओएलईडी कमी वीज घेतो का’ या प्रश्नाला ‘तुम्ही काय पाहता’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो. अंधारे चित्रपट पाहणाऱ्याला तो काटकसरी आहे; दिवसभर पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या बातम्या आणि खेळ पाहणाऱ्याला फारसा नाही.

एट-के पडद्याविषयी थोडक्यात. फोर-केमध्ये ८३ लाख ठिपके असतात, एट-केमध्ये ३ कोटी ३२ लाख. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्याजवळ त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर आणि तारा यांची जागा असते, जिच्यातून उजेड जात नाही. ठिपके चौपट झाले की ही अडवणूक वाढते आणि तेवढाच उजेड बाहेर काढायला मागे जास्त दिवे लागतात. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून वीजखर्चाची मर्यादा एट-के संचांनाही लागू केली, ती याच कारणाने अवघड ठरली. आपण बसतो तेवढ्या अंतरावरून हा फरक डोळ्याला दिसत नाही, असे माझे मत आहे, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी वीज जाळणे मला पटत नाही.

इंटरनेटवरून चित्रपट पाहिल्याने दूरच्या सर्व्हरवर अफाट वीज जळते, असे नेहमी ऐकू येते. कार्बन ट्रस्ट या संस्थेने २०२१ साली युरोपसाठी काढलेला सरासरी अंदाज तासाला सुमारे ५५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड एवढा होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा पाहणाऱ्याच्या घरातल्या उपकरणांचा निघाला. सर्व्हरचा दोष शोधण्याआधी आपल्या भिंतीवरचा पडदा पाहावा, हे त्यातून निघते.

विजेबद्दल इतके लिहिले तरी टीव्हीचा पर्यावरणावरचा भार चालू केल्यापासून सुरू होत नाही. काचेच्या मोठमोठ्या तक्त्यांवर सिलिकॉनचे अत्यंत पातळ थर बसवायचे, तर ज्या बंद कक्षांत हे काम होते ते वारंवार स्वच्छ करावे लागतात, आणि त्यासाठी नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा वायू वापरतात. त्यातला बहुतेक वापरात नष्ट होतो, पण जो थोडा निसटतो तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सतरा हजार पट उष्णता अडवतो आणि हवेत काही शतके टिकतो. तापमान वाढवणाऱ्या वायूंवर मर्यादा घालणाऱ्या क्योटो कराराच्या मूळ यादीत हा वायू नव्हता; २००८च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्याकडे लक्ष वेधले आणि २०१२ साली दोहा येथे झालेल्या दुरुस्तीत त्याचे नाव आले. पडद्यावरचा पारदर्शक विद्युतवाहक थर इंडियम या धातूच्या संयुगाचा असतो, आणि इंडियम हा जस्त शुद्ध करताना हाती लागणारा उपपदार्थ असल्याने त्याची स्वतंत्र खाण नसते. हे सगळे घरी खोके उघडण्याच्या आधीच खर्च झालेले असते.

म्हणून ‘जुना संच काढून कमी वीज खाणारा घ्या’ हा सल्ला मी सरसकट देत नाही. एवढ्या आकाराचा संच बनवताना काही शे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा ३०० किलो धरले आणि एका युनिटामागे अर्धा किलो धरला. माझ्या जुन्या ३२ इंचीऐवजी हा ५५ इंची ‘स्टँडर्ड’ मोडवर वापरला असता वर्षाला २९ युनिट वाचले असते, म्हणजे साधारण १५ किलो. बनवण्याचा भार फिटायला वीस वर्षे लागली असती. ‘सिनेमा’ मोडवरही साडेआठ वर्षे लागतात. वीज जिथे पाण्यावर किंवा वाऱ्यावर तयार होते तिथे तर हा काळ आणखी लांबतो. अपवाद जुन्या प्लाझ्मा संचांचा: अडीचशे वॅट खाणारा प्लाझ्मा काढून ६६ वॅटचा संच बसवला तर याच हिशेबाने दोन वर्षांच्या आत परतफेड होते. बाकी चालू स्थितीतला एलसीडी संच केवळ विजेच्या कारणाने बदलणे मला योग्य वाटत नाही. माझा जुना संच अजून एका परिचितांच्या कामाच्या जागी चालू आहे, त्यामुळे माझ्याबाबतीत खरे तर काहीच वाचलेले नाही, भर पडली आहे.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका रात्री कार्यक्रम चालू असताना पडदा काळा झाला आणि आवाज चालू राहिला. खोलीतले दिवे मालवून मी मोबाइलची विजेरी पडद्याला तिरकी टेकवली, तेव्हा तिच्या उजेडाच्या वर्तुळात बातमीदाराचा चेहरा अंधूक हलताना दिसला. म्हणजे चित्र बनत होते. मागचे दिवे गेले होते. कंपनीच्या सेवाकेंद्रातून आलेल्या माणसाने विजेरीचा हा प्रयोग पाहिलाही नाही. पूर्ण पॅनेल बदलावे लागेल, आणि त्या खर्चात नवा संच घेणे बरे, असे त्याचे उत्तर तयार होते. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या सुट्या मिळतील का, या प्रश्नाला ‘आमच्याकडे त्या सुट्या येत नाहीत’ एवढेच तो म्हणाला.

स्वतंत्रपणे दुरुस्ती करणारे एक गृहस्थ शोधून काढले. त्यांनी संच गादीवर पालथा घातला, पाठ उघडली, काचेचा पडदा दोघांनी मिळून चादर उचलावी तसा अलगद बाजूला ठेवला, त्याखालचे पांढरे पातळ तक्ते एकेक काढले, आणि तळाशी ॲल्युमिनियमच्या बोटभर रुंद पट्ट्या दिसल्या, प्रत्येकीवर भिंगाच्या टोप्या घातलेले एलईडी. एका पट्टीवरच्या एका दिव्याभोवती तपकिरी डाग होता आणि त्याच्या टोपीचा वितळून पिवळा खड्डा झाला होता. हे दिवे एकाला एक जोडून ओवलेले असतात. त्यातला एक तुटला की माळ विझते, आणि माळ विझली की नियंत्रक बाकीचे दिवेही बंद करतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या त्या एका दिव्यासाठी पंधरा-सोळा किलोचा धडधाकट संच भंगारात जाणार होता.

त्यांनी मला बॅकलाइट किती ठेवता असे विचारले. एचडीआरमध्ये शंभर, हे ऐकून त्यांनी मान हलवली. दिव्यांतून जितका जास्त प्रवाह, तितकी जास्त उष्णता, आणि उष्णतेने एलईडीचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यांच्याकडे येणाऱ्या अशा संचांपैकी बरेचसे उजेड पूर्ण चढवून ठेवलेले असतात, असे त्यांनी सांगितले. वीज वाचवणारी आणि संच वाचवणारी पट्टी एकच, सेटिंगमधली बॅकलाइटची, आहे, हे मला तोपर्यंत कोणत्याही माहितीपुस्तिकेने सांगितलेले नव्हते. सर्व पट्ट्या त्यांनी एकदमच बदलल्या, कारण एक गेली की बाकीच्या मागोमाग येतात. कामाला पाच तास लागले आणि परत बसवताना एका कोपऱ्यात धुळीचा कण राहिला, जो पांढऱ्या दृश्यात अजूनही मला दिसतो.

२०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणात गेल्याची नोंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२४च्या अहवालातला हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. त्या उघड्या संचाजवळ बसल्यावर तो वेगळा कळला. पडद्यातले तक्ते, ध्रुवक, चिकटवलेले थर वेगळे करून पुन्हा उपयोगात आणणे कष्टाचे आहे आणि त्यातून मिळणारे इंडियम चिमूटभर. पातळ पडदे बनवण्याच्या नादात स्क्रूऐवजी चिकटपट्टी वापरली जाते, तेव्हा हे काम आणखी कठीण होते. युरोपच्या नियमांप्रमाणे टीव्हीचा अंतर्गत वीजपुरवठा, जोडण्या, कपॅसिटर असे काही सुटे भाग त्या मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यापासून किमान सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना मिळायला हवेत. बॅकलाइटच्या पट्ट्यांचे नाव त्या किमान यादीत नाही, आणि माझ्या अनुभवाने ते सर्वांत आधी असायला हवे होते.

दुरुस्तीनंतर मी साध्या चित्राचा बॅकलाइट ४५वर आणि एचडीआरचा ७०वर आणला आहे. मापकावर एरवी ५८ वॅट दिसतात, वर्षाचे सुमारे १०६ युनिट. त्याला आता चौदा महिने झाले आणि पट्ट्यांनी तक्रार केलेली नाही. चित्रासाठी मी या संचाला पाचपैकी चार देईन, वीजखर्चासाठी नीट बसवल्यावर चार आणि खोक्यातून काढल्याबरोबर दोन, आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी एक, तोही त्या गृहस्थांना पट्ट्या दुसरीकडून मिळाल्या म्हणून.

गेल्या महिन्यापासून संचातले दोन ॲप उघडेनासे झाले आहेत. या मॉडेलसाठी यापुढे अद्यतने येणार नाहीत, असा संदेश पडद्यावर येतो आणि त्याखाली नव्या मॉडेलांची जाहिरात असते. मी अंगठ्याएवढे एक स्ट्रीमिंगचे उपकरण मागच्या एचडीएमआय खाचेत लावले, टीव्हीचे वाय-फाय बंद केले आणि ‘क्विक स्टार्ट’ पुन्हा चालू झाले आहे का ते पाहिले. झालेले नव्हते. उपकरण चालू असताना मापकावर साधारण अडीच वॅट वाढतात.